बोल्ट जुळले म्हणजे बसलं?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. २०२३ साली सहा महिने मिशिगनला लेकाकडे राहून आले, त्यावर एक ओळसुद्धा नाही, अशी आमच्या वहिनींची तक्रार अजून चालू आहे. त्यांना नायगाऱ्याचे फोटो हवे होते. वहिनी, नायगारा पाहिलाच नाही हो! ते सहा महिने मी बहुतेक गॅरेजमध्ये काढले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, हातात बॅटरी घेऊन, नातवाला उजेड दाखवत.

नातू तेव्हा एकोणीस वर्षांचा. दोन उन्हाळे नोकरी करून साठवलेल्या पैशांतून त्याने १९८९ सालची एक शेव्हरोले पिकअप घेतली होती. म्हणजे त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. आधीच्या मालकाने ती तेलाविना पळवली होती, त्यामुळे इंजिनाची बेअरिंगं गेलेली. गिअरबॉक्स मात्र ठणठणीत. २०१९ साली त्यात नव्या क्लच-प्लेटा घालून तो पूर्ण दुरुस्त करून घेतल्याची पावती डॅशबोर्डच्या खणात होती. नातवाने भंगारवाल्याकडून २००२ सालच्या पिकअपचं ५.३ लिटरचं इंजिन आणलं आणि ते या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडायचं ठरवलं.

घरात दोन पक्ष पडले. लेकाचं म्हणणं, हे सगळं भंगार आहे, घातलेले पैसे बुडाले समज. आणि करायचंच असेल तर नव्या इंजिनाचा जोडीदार गिअरबॉक्सही आण, जुन्याच्या गळ्यात नवं बांधू नकोस. नातवाचं म्हणणं, "बाबा, शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाच्या मागच्या बोल्टांची भोकं १९५५ पासून त्याच जागी आहेत. सरळ बसेल." सप्टेंबरअखेर गॅरेज रिकामं झालं पाहिजे, अशी तंबी देऊन लेक आत निघून गेला.

मला कुणी विचारलं नव्हतं. मराठीची बी.ए., चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं, गाडी चालवायलाही येत नाही. पण सहा महिने बघून माझं एक मत झालंय आणि ब्लॉग माझा आहे, त्यामुळे मांडतेच. जुना गिअरबॉक्स धड असेल तर तो टाकू नये, याबाबतीत मी नातवाच्या बाजूची. पण "बोल्ट जुळतात म्हणजे बसतं" हे त्याचं वाक्य मात्र साफ चूक. बोल्ट जुळणं ही ओळख झाली. संसार त्याच्या पुढे असतो.

आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे काय, हे मला समजलं तसं सांगते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद, भोपळ्यासारख्या डब्यात ठेवा. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. (मध्ये आणखी एक तिसरं चक्र असतं, ते तूर्त सोडून देऊ.) इंजिन डबा फिरवतं, तेल फिरतं आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरतो. डब्याच्या मागच्या नळीने गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेला तेलाचा पंप चालतो. आतला प्रत्येक गिअर, प्रत्येक क्लच या पंपाने दिलेल्या दाबावरच घट्ट धरला जातो.

या पिकअपमधला गिअरबॉक्स ७००आर४ जातीचा. जनरल मोटर्सने तो १९८२ च्या मॉडेलांपासून आणला. चार गिअर आहेत, पण गिअर कधी बदलायचा हे ठरवायला त्यात संगणक नाही. सगळी तेलाचीच कारभारीण. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब एका बाजूने ढकलतो, तुम्ही पाय किती दाबलाय त्यावर वाढणारा दाब दुसऱ्या बाजूने. मध्ये एक छोटी झडप. वेगाच्या बाजूने रेटा जास्त झाला की वरचा गिअर पडतो. पाय दाबलेला असेल तर दुसरी बाजू थोपवून धरते. हे नातवाने मला एका कागदी पिशवीवर काढून दाखवलं, तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले होते. इतकी सुंदर गोष्ट लोखंडाच्या पेटीत तेलाखाली बसलेली असते आणि आपण नुसतं 'डी'वर टाकून पुढे जातो.

तर आता १९५५ पासूनची ती भोकं. नव्या जातीच्या इंजिनात (ती १९९७ साली कॉर्व्हेट गाडीत पहिल्यांदा आली, पिकअपमध्ये १९९९ पासून) त्यातलं एक भोक मुळात नाहीच. बाकीची जुळतात, तेवढ्यावर भागतं. खरी भानगड आत आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, म्हणजे क्रँकशाफ्टचं, मागचं तोंड यातल्या बहुतेक इंजिनांत जुन्यापेक्षा सुमारे दहा मिलिमीटर आत असतं. दहा मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढं. बाहेरून काहीच कळत नाही. कन्व्हर्टरच्या पुढच्या नाकाडाला त्या तोंडात टेकायचं असतं, ते पोचतच नाही. मग कन्व्हर्टर फक्त पातळ फ्लेक्सप्लेटच्या बोल्टांवर लटकतो, फिरताना डगमगतो आणि मागे पंपाची बुश खातो. त्यासाठी एक जाड कडं मिळतं, त्याबरोबर सपाट प्लेट आणि लांब बोल्ट. कड्याने दहा मिलिमीटर भरून निघतात.

मला वर्गात संधी शिकवताना मुलांना सांगावं लागे, की सूर्य आणि अस्त शेजारी ठेवले म्हणजे सूर्यास्त होत नाही. 'य'मधला 'अ' आणि पुढचा 'अ' मिळून 'आ' व्हावा लागतो. ते कडं म्हणजे तो 'आ'. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "आजी, पाना दे."

कडं त्याने आणलं. तिथे तो चुकला नाही. चुकलो ते पुढे, आणि 'चुकलो' असं अनेकवचनी मी मुद्दाम लिहितेय.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवताना तो फिरवत फिरवत आत ढकलायचा असतो. एकामागे एक तीन ठिकाणी त्याचे खाचेदार भाग बसायला हवेत, आणि प्रत्येक वेळी 'खट्' करून तो थोडा आत जातो. तिसरं खट् पंपाचं. नातवाने तिन्ही मोजून घेतले होते, मी साक्षीदार आहे. पण नंतर इंजिन साखळीवर टांगून पुढून आणताना गिअरबॉक्सचं तोंड जरा खाली झुकलं, आणि कन्व्हर्टर हळूच इंचभर पुढे सरकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. जाणते मेकॅनिक तिथे पट्टी किंवा तार बांधून ठेवतात.

इंजिन गिअरबॉक्सला भिडलं, पण पूर्ण नाही. बोटभर फट राहिली. खरं तर हाताने ढकलून दोन्ही तोंडं एकमेकांना सपाट टेकली पाहिजेत, मगच बोल्टांना हात लावायचा. नातू जरा थबकला होता. संध्याकाळचे सात वाजले होते, माझी कंबर भरून आली होती, आत जेवण निवत होतं. मी म्हटलं, "अरे, बोल्ट लागतायत ना? मग आवळ थोडे थोडे, येईल जवळ." त्याने आवळले. फट कमी होत गेली. मी बॅटरी धरून "येतंय, येतंय" म्हणत होते. मग आतून कटकन एक आवाज आला. बैलगाडीचं जू मोडावं तसा.

घरोघरच्या मिक्सरचं उदाहरण घ्या. भांडं खालच्या कपलरवर नीट बसलेलं नसताना वरून दाबून चालू केलं तर काय होतं? कपलरचे दात जातात. इथे पंपाचा रोटर तडकला होता. पंप बसतो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, म्हणजे इंजिन परत बाहेर, गिअरबॉक्सही बाहेर, आणि २०१९ ची ती पावती निम्मी वाया. नातवाची दोन आठवड्यांची कमाई गेली. तो मला एक शब्द बोलला नाही. "आजी, तू जेवून घे," एवढंच म्हणाला. त्याने ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री झोप लागेना. त्याचं जाडजूड दुरुस्तीचं पुस्तक घेऊन बसले. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं, एका पानाला अर्धा तास लागतो. पण हळू वाचणाऱ्याचा एक फायदा असतो, शब्द सुटत नाहीत. कन्व्हर्टर नीट बसला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण टेकल्यावरही तो हाताने मोकळा फिरतो, आणि प्लेट व त्याच्यामध्ये साधारण तीन ते पाच मिलिमीटर फट राहते. ती मोजायची. मग तो पुढे ओढून प्लेटला बोल्ट लावायचे. सगळं तिथे होतं, आणि क्रमाने होतं. नातवाने ते पान वाचलंही होतं. क्रियापदं वाचली होती, 'त्याआधी' आणि 'मगच' ही अव्ययं सोडली होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा. आठवड्याला ठरलेले तास, मुलांनी हाताने काहीतरी करावं म्हणून. दहावीचं वर्ष आलं की मी ते तास मागून घ्यायची. "समास राहिलेत हो." आणि ते शिक्षक बिचारे द्यायचे. मला त्यात चूक काहीच वाटत नसे. पाना, स्क्रू, लाकूड ही मागच्या बाकावरच्या मुलांची कामं, असा एक न बोललेला हिशोब डोक्यात पक्का होता. किती वर्षं मी मुलांचे ते तास खाल्ले, याचा आकडा काढायला बसले होते, मग सोडून दिलं. ज्या बाईने हाताच्या कामाला कधी वाचायची गोष्ट मानलं नाही, तिनेच "आवळ" म्हणून सांगावं, यात नवल नाही.

असो.

पुढच्या रविवारी नातवाने मला विलो रनचा कारखाना असलेली जागा दाखवायला नेलं. इप्सिलँटीजवळ, घरापासून फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बफेकी विमानं केली. पुढे जनरल मोटर्स तिथेच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करू लागली. २०१० साली कारखाना बंद झाला. कंपनी तिथे आली त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १२ ऑगस्ट १९५३ रोजी लिव्होनियातल्या त्यांच्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्सच्या कारखान्याला भयंकर आग लागली. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, पाँटियाक या गाड्यांना गिअरबॉक्स मिळेनात. मग विलो रनला नव्याने उत्पादन सुरू होईपर्यंत काही कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांना ब्यूकचा डायनाफ्लो जोडला, पाँटियाकला शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. म्हणजे एका घरचं इंजिन, दुसऱ्या घरचा गिअरबॉक्स हे खुद्द कंपनीनेच अडचणीत सापडल्यावर केलं. मी घरी येऊन हे लेकाला ऐकवलं. तो म्हणाला, "आई, त्यांच्याकडे शेकडो इंजिनिअर होते. ह्याच्याकडे तू आहेस."

लेकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. नव्या इंजिनाबरोबर जो गिअरबॉक्स येतो त्यात गिअर बदलायचं काम संगणक करतो. इंजिनाचा संगणक आणि तो एकमेकांची भाषा जाणतात. कडं नको, केबल नको, अंदाज नको. जुना गिअरबॉक्स घसरायला लागला असेल, तेल काळं पडून जळका वास येत असेल, तर लेक म्हणतो तेच करावं, मीही तेच सांगेन. आणखी एक. जुनं इंजिन सुमारे २१० अश्वशक्तीचं होतं, हे सुमारे २८५ चं. वाढीव ताकद पोराच्या उजव्या पायात उतरणार आणि गिअरबॉक्सला ती सोसावी लागणार. हे खोटं नाही. पण भंगारात पडलेल्या त्या जोडीदार गिअरबॉक्सच्या पोटात काय आहे, हे कुणाला ठाऊक होतं? आपल्याकडच्याची निदान पावती होती. 'नवीन म्हणजे चांगला' असं मानून माहितीतलं टाकायचं आणि अनोळखी घ्यायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही.

पंप बदलला. दुसऱ्या खेपेला नातवाने कन्व्हर्टरला तार बांधली, इंजिन हाताने भिडवलं, ते सपाट टेकलं. मग मी खुर्चीतून उठून स्वतः खाली वाकून कन्व्हर्टर फिरवून पाहिला. फिरला. चार मिलिमीटर फट. तेव्हा बोल्ट.

आता केबल. जुन्या इंजिनावरून गिअरबॉक्सकडे एक केबल जाते, तिला टीव्ही केबल म्हणतात. (आमच्या सोसायटीत या नावाने वेगळी भांडणं होतात!) पुष्कळ लोक समजतात, की जोरात पाय दाबल्यावर खालचा गिअर पडावा, एवढ्यासाठीच ती आहे. तसं नाही. मघाशी सांगितला तो पायाकडचा दाब हीच केबल ठरवते, आणि क्लच-प्लेटा किती जोराने धरायच्या तेही तिच्यावरच. केबल कमी ओढली गेली तर दाब कमी, प्लेटा सैल धरल्या जाणार, घासणार आणि जळणार. महिन्यांत नाही, थोडक्या मैलांत. नव्या इंजिनाच्या ज्या फिरत्या बोटाला ती केबल अडकवायची ते बोट मध्यापासून किती लांब आहे, यावर ती किती ओढली जाईल हे ठरतं. नव्या इंजिनाचं बोट जुन्या गिअरबॉक्सला विचारून केलेलं नसतं. २००३ नंतरच्या कित्येक इंजिनांत तर ॲक्सिलरेटरची केबलच नाही, नुसती वायर. तिथे ही केबल अडकवायला जागाच उरत नाही. आमच्या इंजिनाला सुदैवाने केबल होती.

पहिल्यांदा पिकअप गल्लीत काढली तो दिवस. मी शेजारी बसलेली. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा गिअर कधी पडला कळलंच नाही. लोण्यासारखं. नातू खुशीत म्हणाला, "आजी, बघ किती सॉफ्ट!" त्याला तशीच गाडी बाबाच्या ऑफिसापर्यंत न्यायची होती. जाऊन येऊन चाळीस मैल. ते किती दिवस मनात धरून ठेवलं असेल त्याने.

माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या पुस्तकात मी वाचलं होतं, केबल कमी ओढली जात असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात. माणसाला सुखावणारी गोष्टच तिथे रोगाचं लक्षण असते. बोलावं की नाही? एकदा बोलून त्याचं नुकसान केलं होतं. आणि तो आनंद, तो चेहरा! पण मी म्हटलं, "बाळा, गाडी परत फिरव." तो चिडला. "आता काय?" "मऊ आहे ते मला आवडत नाही." त्याने गाडी कडेला घेऊन माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं काही न बोलता घराकडे वळवली.

गिअरबॉक्सच्या बाजूला दाब मोजायला एक जागा असते. तिथे मीटर लावलं. पॅडल पूर्ण दाबलं तरी केबल पूर्ण खेचली जात नव्हती, दाब असायला हवा त्याहून खूप कमी. योग्य मापाचं बोट आणि पकड असलेला सुटा भाग मागवला, पाच दिवसांनी आला. तो लावून केबल पुन्हा बसवली तेव्हा मीटरचा काटा पायाबरोबर चढायला लागला. त्यानंतर गिअर पडताना पाठीला हलकासा धक्का जाणवतो. मला तो आवडतो.

एक छोटी गोष्ट राहिली. मोठ्या वेगात हा कन्व्हर्टर आतून कुलूपबंद होतो, म्हणजे तेल घुसळून तापत नाही. त्याला विजेचा इशारा लागतो, पूर्वी तो गाडीचा जुना संगणक द्यायचा. संगणक गेला की ती वायर अनाथ होते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तीही त्याने जोडली.

माझं परतीचं विमान २८ सप्टेंबरचं होतं. विमानतळावर पिकअपने जायचा हट्ट नातवाने धरला, लेकाने मोडला. बॅगा, पाऊस, आईची कंबर. आम्ही लेकाच्या गाडीतून गेलो. लेक त्या पिकअपमध्ये अजूनही बसलेला नाही, आणि गॅरेज रिकामं करायची गोष्टही त्यानंतर निघाली नाही. यंदा थंडी पडायच्या आधी नातवाने एक फोटो पाठवला. पिकअपचं बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि लेक गिअरबॉक्सची तेलकांडी बाहेर काढून स्वतःच्या इस्त्रीच्या रुमालाला पुसतोय. खाली नातवाने लिहिलंय, "आजी, बाबांनी तेलाचा वासपण घेतला."